रचना असते का, आणि एकच असते का: श्रीखंडे यांचं कॉम्बिनेटोरिक्स

एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "शरच्चंद्र श्रीखंडे यांच्याबद्दल 'ऑयलरला खोटं ठरवणारे' एवढंच वाचलं आहे. एक जुनं कोडं सुटलं, पण त्यात आयुष्यभराचं संशोधन कुठे आलं? कॉम्बिनेटोरिक्समध्ये काम करणारा माणूस तीस-चाळीस वर्षं नेमकं करतो काय? आमचे एक सर म्हणतात, हे कोड्यांचं गणित आहे, त्यात खोल सिद्धांत नाही."

मी श्रीखंडे यांच्याच शाखेत, म्हणजे डिझाइन थिअरीत (वस्तूंचे गट ठरलेल्या अटींनुसार बांधण्याच्या शास्त्रात), तीसेक वर्षं काम करतो आहे. त्यामुळे हा प्रश्न वाचून बरंच काही सांगावंसं वाटलं. थोडा वेळ काढून, कागद-पेन जवळ ठेवून वाचा.

श्रीखंडे आयुष्यभर एकाच प्रश्नावर काम करत होते. काही आकडे दिले आहेत आणि त्यांचा हिशेब आपसात जुळतो. मग त्या आकड्यांची रचना प्रत्यक्षात असते का? असेल तर एकच असते, की वेगवेगळ्या असू शकतात? कधी उत्तर मिळतं 'अशक्य', कधी 'ही घ्या, बांधून दाखवली', तर कधी 'एकच आहे, फक्त अमुक ठिकाणी अपवाद'. १९५० ते १९६० या दहा वर्षांत श्रीखंडे यांनी तिन्ही प्रकारची उत्तरं दिली आणि तिन्ही आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. वर्तमानपत्रांनी त्यातलं मधलं तेवढं उचललं.

आधी रचना म्हणजे काय ते पाहू. सात वस्तू आहेत, त्यांना १ ते ७ अशी नावं द्या. तीन-तीनचे सात गट करा: १२४, २३५, ३४६, ४५७, ५६१, ६७२, ७१३. कोणतीही जोडी घ्या, समजा ३ आणि ७. ती नेमक्या एकाच गटात सापडेल. प्रत्येक वस्तू तीन गटांत येते आणि कुणावर अन्याय होत नाही. हा विषय शेतीच्या प्रयोगांतून वर आला. बियाण्याचे किंवा खताचे अनेक प्रकार तपासायचे असतात, पण जमिनीच्या एका तुकड्यात सगळे मावत नाहीत. अशा वेळी प्रत्येक दोन प्रकारांची तुलना सारख्याच वेळा व्हावी, एवढी सोय करायची असते. इंग्लंडमध्ये फिशर आणि येट्स यांनी हा विषय मांडला. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये महालनोबीस यांनी राजचंद्र बोस यांना त्यात ओढलं. बोस मूळचे भूमितीचे. त्यांना या गटांमध्ये बिंदू आणि रेषा दिसल्या. १९३९ च्या त्यांच्या प्रबंधवजा लेखात सांत फील्ड (मोजक्याच संख्यांची, चारही गणिती क्रिया चालणारी व्यवस्था) आणि सांत भूमिती (मोजक्याच बिंदूंची) वापरून अशा रचनांची कुटुंबंच्या कुटुंबं बांधलेली आहेत.

श्रीखंडे १९१७ साली सागरला जन्मले. नागपुरात शिकले, तिथल्या सायन्स कॉलेजात शिकवलं आणि पुढे बोस यांच्या हाताखाली अमेरिकेत चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातून १९५० मध्ये पीएच.डी. घेतली.

आता पहिलं उत्तर. २२ वस्तू, २२ गट, प्रत्येक गटात ७ वस्तू, आणि कोणतीही जोडी नेमक्या २ गटांत. हिशेब करून बघा. एक वस्तू ७ गटांत येते, प्रत्येक गटात तिला ६ सोबती मिळतात, म्हणजे एकूण ४२ भेटी. उरलेल्या २१ वस्तूंना प्रत्येकी दोनदा भेटायचं, म्हणजेही ४२. चोख जुळलं. मोजणीत कुठेही खोट नाही. तरीही अशी रचना नाही, आणि ते सिद्ध करायला एक पान पुरतं.

२२ ओळी आणि २२ स्तंभांची मॅट्रिक्स घ्या. ओळी म्हणजे वस्तू, स्तंभ म्हणजे गट. वस्तू गटात असेल तर १, नसेल तर ०. ही मॅट्रिक्स तिच्याच ट्रान्सपोजने गुणा. दोन वेगळ्या ओळींचा गुणाकार म्हणजे त्या दोन वस्तू एकत्र असलेले गट, म्हणजे २. एकाच ओळीचा स्वतःशी गुणाकार म्हणजे ७. म्हणून गुणाकारात कर्णावर सगळीकडे ७ आणि बाकी सगळीकडे २ येतात. त्याचा निश्चयक (डिटर्मिनंट) सहज निघतो: ५ चा २१ वा घात गुणिले ४९. पण हाच निश्चयक मूळ मॅट्रिक्सच्या निश्चयकाचा वर्गही आहे, आणि मूळ मॅट्रिक्समध्ये तर पूर्णांकच आहेत. म्हणजे तो पूर्ण वर्ग हवा. ४९ पूर्ण वर्ग आहे, पण ५ चा २१ वा घात नाही. प्रश्न मिटला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं. बावीस वस्तू गटांत कशा टाकायच्या याच्या शक्यता इतक्या प्रचंड आहेत की एकेक तपासणं कल्पनेपलीकडचं आहे, आणि इथे एक निश्चयक सगळ्यांना एका फटक्यात नाही म्हणतो. तुमच्या सरांना 'खोल सिद्धांत नाही' असं वाटत असेल तर त्यांना वस्तूंची संख्या विषम असतानाचं प्रकरण दाखवा. तिथे निश्चयकाने भागत नाही, वर्गरूपांचा अंकशास्त्रीय सिद्धांत लागतो. श्रीखंडे यांनी १९५० मध्ये 'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स'मध्ये सममित रचनांच्या (जितक्या वस्तू तितकेच गट) अशक्यतेवर जो लेख लिहिला, त्यात हीच हत्यारं आहेत. त्याच सुमारास शुट्झेनबर्जर यांनी सम संख्येचं प्रकरण आणि चावला-रायसर यांनी सर्वसाधारण प्रमेय स्वतंत्रपणे छापलं. आज ते ब्रुक-रायसर-चावला प्रमेय म्हणून शिकवलं जातं आणि श्रीखंडे यांचं नाव अनेकदा राहून जातं. आमच्या क्षेत्रात असं वारंवार होतं. प्रश्न सोप्या शब्दांत मांडलेले असतात, म्हणून एकाच वेळी तीन ठिकाणी लोक त्यांच्यापाशी पोचलेले असतात. या वाटेवर येणाऱ्याने हे आधीच माहीत करून घ्यावं. माझे दोन निकाल असे दुसऱ्या कुणाकडून आधी प्रसिद्ध झाले. दोन्ही वेळा वाईट वाटलं, आणि दोन्ही वेळा त्या माणसाशी पुढे वर्षानुवर्षं एकत्र काम झालं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ही चाळणी पार केली म्हणजे रचना मिळालीच असं नाही. १११ वस्तू, ११ चे गट आणि प्रत्येक जोडी एकदा, ही दशम क्रमाची प्रक्षेपी प्रतल भूमिती. ब्रुक-रायसरच्या अटीतून ती सुखरूप बाहेर पडते. तरीही ती नाही. क्लेमंट लॅम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रचंड संगणक-शोध संपवून ते दाखवलं. पुढचं बाराव्या क्रमाचं प्रकरण, १५७ बिंदूंचं, आजही उघडं आहे.

आता अठराव्या शतकातला गणितज्ञ ऑयलर. १७८२ च्या लेखात त्याने विचारलं: सहा पलटणींतून, प्रत्येक पलटणीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे असे ३६ अधिकारी आहेत. त्यांना सहा बाय सहाच्या चौकात असं उभं करता येईल का, की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण एकदाच आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल? पलटणींचा एक लॅटिन चौरस, हुद्द्यांचा दुसरा, आणि एकावर एक ठेवले की प्रत्येक जोडी नेमकी एकदा. अशा दोन चौरसांना परस्पर ऑर्थोगोनल म्हणतात. विषम बाजूचे चौरस सोपे, ४ च्या पटीतलेही बांधता येतात. २ चा नाहीच. ६ चा ऑयलरला जमला नाही आणि त्याने अटकळ केली की ६, १०, १४, १८ अशा, ४ ने भागल्यावर २ उरणाऱ्या कुठल्याच बाजूला तो जमणार नाही. १९०० च्या सुमारास गॅस्तों तारी यांनी ६ ची सगळी प्रकरणं हाताने तपासली. नाही म्हणजे नाहीच. ऑयलरचा पहिला आकडा खरा निघाला आणि बाकीच्यांवरचा विश्वास आणखी पक्का झाला.

१९५८-५९ मध्ये जे घडलं त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. अमेरिकन गणितज्ञ पार्कर यांनी आधी २१ बाजूचे परस्पर ऑर्थोगोनल चौरस इतके जास्त बांधले की मॅकनीश यांची १९२२ ची एक जास्त कडक अटकळ मोडली. त्यांनी त्यासाठी २१ बिंदूंची, पाच-पाचच्या रेषांची भूमिती वापरली होती. बोस आणि श्रीखंडे यांनी त्यात पाहिलं की रेषा सारख्या लांबीच्या असायची काही गरजच नाही. गट लहान-मोठे चालतील, फक्त प्रत्येक जोडी नेमक्या एका गटात हवी. या एका सैल केलेल्या अटीतून सगळं उलगडलं.

२२ कसा मिळतो ते करून पाहू. मी विद्यार्थ्यांना हे पहिल्याच आठवड्यात करायला लावतो. १८५० सालचं कर्कमन यांचं जुनं कोडं: १५ मुली सात दिवस तीन-तीनच्या ओळींत फिरायला जातात, आणि कोणत्याही दोघी आठवड्यात नेमक्या एकदाच एका ओळीत असतात. दिवसाला ५ ओळी, आठवड्यात ३५. आता सात नव्या वस्तू घ्या, प्रत्येक वाराच्या नावाची एक. सोमवारच्या पाचही ओळींत 'सोमवार' टाका, मंगळवारच्या ओळींत 'मंगळवार', अशा रीतीने पुढे. ओळी चारच्या झाल्या. शेवटी सातही वारांचा मिळून एक वेगळा गट करा. एकूण वस्तू १५ आणि ७, म्हणजे २२. जोड्या मोजा: चारच्या एका गटात ६ जोड्या, असे ३५ गट, म्हणजे २१०. सातच्या गटात २१. बेरीज २३१, आणि २२ वस्तूंच्या एकूण जोड्याही २३१ च. प्रत्येक जोडी एकदा.

मग चौरस शिवायचे. ५ व्या ओळीत आणि ९ व्या स्तंभात काय लिहायचं? ५ आणि ९ नेमक्या एकाच गटात आहेत. त्या गटाजवळ स्वतःचा छोटा लॅटिन चौरस आहे, तो जे सांगेल ते इथे लिहा. कर्णावरच्या घरांत त्या-त्या वस्तूचं स्वतःचं नाव लिहा. प्रत्येक छोट्या चौरसाच्या कर्णावरही स्वतःचीच नावं असली की सांधे नीट बसतात. म्हणजे प्रत्येक गटासाठी अशा कर्णाचे, परस्पर ऑर्थोगोनल असे दोन छोटे चौरस हवेत. ३ बाजूचे असे दोन मिळत नाहीत, एकच मिळतो. म्हणून कर्कमनच्या ओळी आहेत तशा उपयोगी नाहीत. ४ बाजूचे दोन मिळतात, ७ चे पाच मिळतात, दोन्ही सांत फील्डमधून. वारांची नावं टाकून तीनचे चार केले ते एवढ्यासाठी. सगळं शिवून झालं की २२ बाजूचे दोन ऑर्थोगोनल चौरस हातात येतात, आणि २२ ला ४ ने भागल्यावर २ उरतात. दीडशेहून अधिक वर्षं उभी असलेली अटकळ इथे पडली.

पार्कर यांनी लगेच १० चा चौरस दिला. त्याच्या एका कोपऱ्यात ३ बाजूचा छोटा चौरस स्पष्ट दिसतो, कारण दहाची बांधणी ७ आणि ३ अशी आहे. मग तिघांनी मिळून दाखवलं की ६ च्या पुढे, ४ ने भागल्यावर २ उरणाऱ्या प्रत्येक बाजूला असे चौरस असतात. म्हणजे ऑयलरचा तर्क फक्त २ आणि ६ साठी खरा. २६ एप्रिल १९५९ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर ही बातमी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या 'सायंटिफिक अमेरिकन'च्या मुखपृष्ठावर दहाचा चौरस रंगांत रंगवलेला होता.

तुमच्या 'कोडं सुटलं, पुढे काय' या शंकेचं उत्तर या बातमीनंतरच्या वर्षांत आहे. १९६० मध्येच चावला, एर्डिश आणि स्ट्राउस यांनी याच बांधणीत चाळणीची पद्धत मिसळून दाखवलं की बाजू वाढत गेली की परस्पर ऑर्थोगोनल चौरसांची संख्याही अमर्याद वाढते. लहान-मोठ्या गटांची ती कल्पना पुढे विल्सन यांनी १९७० च्या दशकात पूर्ण अस्तित्व-सिद्धांतापर्यंत नेली: गटाचा आकार ठरला की पुरेशा मोठ्या संख्येला, हिशेब जुळत असेल तर जोड्यांच्या रचना असतातच. जोड्यांऐवजी तिकड्या, चौकड्या किंवा त्याहून मोठे संच घेतले तर काय, याचं उत्तर २०१४ मध्ये कीवाश यांनी संभाव्यतेच्या पद्धतीने दिलं. आणि दहाच्या चौरसाची गोष्टही संपलेली नाही. दोन मिळाले, पण परस्पर ऑर्थोगोनल असे तीन आहेत का, हे आजही कुणाला ठाऊक नाही.

आता तिसरं उत्तर. मला स्वतःला ते सगळ्यांत प्रिय आहे, आणि त्यावर बातमी कुणी केली नाही. तेही १९५९ चंच.

बुद्धिबळाच्या पटातून चार बाय चार एवढा तुकडा घ्या. सोळा घरं म्हणजे सोळा शिरोबिंदू. हत्ती एका चालीत एका घरातून दुसऱ्यात जाऊ शकत असेल तर त्या दोन घरांमध्ये कड काढा. बिंदू आणि कडा यांच्या अशा जाळ्याला ग्राफ म्हणतात. प्रत्येक घराला ६ शेजारी, एकूण ४८ कडा. शेजारी असलेल्या कोणत्याही दोन घरांचे २ सामाईक शेजारी, शेजारी नसलेल्या कोणत्याही दोन घरांचेही २ सामाईक शेजारी. प्रश्न असा की एवढे चार आकडे (१६, ६, २, २) सांगितले तर ग्राफ ठरतो का? दुसरा कुठला ग्राफ या आकड्यांना जुळणार नाही ना?

श्रीखंडे यांनी सिद्ध केलं की हत्तीच्या ग्राफचे आकडे, पटाची बाजू कितीही असली तरी, त्या ग्राफला पूर्ण ठरवतात, एक बाजू सोडून. ती बाजू ४. तिथे नेमका आणखी एकच ग्राफ निघतो. त्याला आज श्रीखंडे ग्राफ म्हणतात.

४ लाच का, ते चिमटीत धरता येतं. एक शिरोबिंदू घ्या आणि त्याचे ६ शेजारी बघा. शेजारी असलेल्या दोघांचे २ सामाईक शेजारी असतात, म्हणून त्या सहांपैकी प्रत्येकाला त्याच सहांत नेमके २ शेजारी आहेत. सहा बिंदू, प्रत्येकाच्या दोन कडा. असं चित्र दोनच प्रकारे काढता येतं: दोन सुटे त्रिकोण, किंवा एक षटकोनी कडं. हत्तीच्या ग्राफमध्ये दोन त्रिकोण असतात, एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या स्तंभाचा. बाजू मोठी असती तर आकड्यांनी दुसरा पर्याय हुसकून लावला असता. ४ ला षटकोन तग धरून राहतो.

आणि तो षटकोन प्रत्यक्षात उतरतोही. सोळा बिंदूंना (०,०) पासून (३,३) पर्यंत पत्ते द्या आणि बेरीज-वजाबाकी ४ च्या घड्याळात करा, म्हणजे ३ नंतर पुन्हा ०. दोन पत्त्यांतला फरक (१,०), (०,१) किंवा (१,१) असेल, किंवा त्यांच्या उलट असेल, तर कड काढा. (०,०) चे शेजारी क्रमाने लिहा: (१,०), (१,१), (०,१), (३,०), (३,३), (०,३). प्रत्येकाचा पुढच्याशी फरक तपासा, आणि शेवटच्याचा पहिल्याशी. कडं पूर्ण होतं. प्रत्येक बिंदूभोवती सहा त्रिकोण फेर धरतात, आणि ट्यूबसारख्या गोल कड्याच्या पृष्ठभागावर, म्हणजे टोरसवर, हा ग्राफ ३२ त्रिकोणांत नीट पसरतो. विद्यार्थी असताना मी दोन्ही ग्राफ दोन रंगांच्या पेन्सिलींनी एकाच मोठ्या कागदावर काढले होते. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

या ग्राफचा आज उपयोग काय विचाराल, तर शेजारी आणि सामाईक शेजारी मोजून ग्राफ ओळखणाऱ्या पद्धती या दोघांना वेगळं सांगू शकत नाहीत. म्हणून ग्राफ ओळखण्याच्या प्रत्येक नव्या अल्गोरिदमपुढे, अलीकडे ग्राफवर चालणाऱ्या न्यूरल नेटवर्कपुढेही, ही जोडी परीक्षेसाठी ठेवली जाते. श्रीखंडे यांना १९५९ मध्ये हे अभिप्रेत नव्हतं. त्यांना फक्त 'एकच आहे का' याचं खरं उत्तर हवं होतं, आणि अपवाद सापडल्यावर त्यांनी तो बाजूला सारला नाही, पूर्ण वर्णन करून ठेवला. बोस यांनी १९६३ मध्ये अशा ग्राफना 'स्ट्राँगली रेग्युलर' हे नाव दिलं आणि त्यातून स्वतंत्र शाखा उभी राहिली.

पुढची वर्षं बातमीत येत नाहीत, पण करिअर असतं ते त्यांतच. १९६० मध्ये श्रीखंडे बनारस हिंदू विद्यापीठात आले आणि १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक प्रमुख झाले. १९७८ ला निवृत्त होईपर्यंत ते तिथे होते. पुढे काही वर्षं अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचे संचालक होते. मुंबईत त्यांच्याभोवती डिझाइन थिअरीची एक पिढी तयार झाली. पहिल्या पानाची बातमी होऊन गेलेला माणूस परत येऊन एक नवा विभाग उभा करतो, विद्यार्थ्यांना एकेक करून या प्रश्नांपाशी बसवतो, हे मला ऑयलरच्या अटकळीपेक्षा कमी वाटत नाही.

त्या काळातला एक निकाल सांगतो, कारण त्यात जुनाच प्रश्न जास्त खोलवर दिसतो. सममित रचनेतला एक गट आणि त्यातल्या वस्तू काढून टाकल्या की उरलेल्या भागाला रेसिड्युअल रचना म्हणतात. आता उलट विचारा: आकडे त्या उरलेल्या भागासारखे असलेली रचना दिली, तर ती खरोखर एखाद्या सममित रचनेतूनच कापलेली असते का? जोड्या एकदा किंवा दोनदा येत असतील तर हो. तीनदा येत असतील तर भट्टाचार्य यांनी १९४४ मध्येच १६ वस्तूंची अशी रचना दिली होती, जी कुठल्याही सममित रचनेत बसत नाही. बोस, श्रीखंडे आणि सिंघी यांनी १९७६ मध्ये दाखवलं की जोडी किती वेळा येते हे एकदा ठरवलं, तर पुरेशा मोठ्या गटांना ती रचना नेहमीच परत बसवता येते. अपवाद असतात, पण लहान आकड्यांत अडकलेले असतात. श्रीखंडे ग्राफमध्ये जे ४ वर दिसलं, तेच इथे सिद्धांत होऊन परत आलं.

रोजचं काम कसं असतं, हेही तुम्ही विचारलं आहे. बहुतेक दिवस लहान प्रकरणं हाताने किंवा संगणकाने करण्यात जातात. मी एका आकड्यांच्या संचावर अडीच वर्षं घालवली. रचना बांधता आली नाही, अशक्य असल्याचंही सिद्ध झालं नाही. पण ती असेलच तर तिच्यात कुठल्या सममिती असू शकत नाहीत, हे एकेक करून निघत गेलं: आधी ११ वेळा फिरवून मूळ जागी येणारी सममिती बाद झाली, मग ७ ची, मग ५ ची. त्यावर लेख झाला. माझ्यानंतर दुसऱ्या एका गटाने तिथूनच पुढे सुरुवात केली. आमच्याकडे 'अजून नाही' हेही अशा रीतीने नेमकेपणाने लिहिता येतं, आणि करिअरमधला बराच भाग अशा लिखाणाचा असतो.

तयारी म्हणून लिनियर अल्जेब्रा आणि सांत फील्ड पक्की करा, ग्रुप थिअरी शिका, आणि संगणकावर ग्राफची समरूपता (दोन ग्राफ मुळात एकच आहेत का) तपासायला शिका. मॅके यांचा 'नॉटी' हा प्रोग्रॅम मोफत मिळतो, 'गॅप' आणि 'सेज'ही मिळतात. संभाव्यतेची पद्धत आता टाळून चालणार नाही, कीवाशनंतर तर नाहीच. नोकरीच्या बाजारात डिझाइन थिअरी एकटी असते तेव्हा अवघड जातं. कोडिंग थिअरी किंवा अल्गोरिदमची जोड असेल तर बरीच दारं उघडतात, आणि ती जोड कृत्रिमही नाही. चुका सुधारणारे बीसीएच कोड बोस आणि त्यांचे विद्यार्थी रायचौधरी यांनी १९६० मध्ये दिले तेव्हा हीच सांत फील्ड वापरली होती, आणि त्याच्या जरा आधी ओकांगेम यांनी ते स्वतंत्रपणे शोधले होते.

सरांशी वाद घालत बसू नका. आज संध्याकाळी सोळा बिंदूंचे दोन्ही ग्राफ काढा आणि प्रत्येकात जास्तीत जास्त किती बिंदू असे निवडता येतात, की निवडलेले सगळे एकमेकांचे शेजारी असतील, ते मोजा. हत्तीच्या ग्राफमध्ये ४ मिळतील, श्रीखंडे ग्राफमध्ये ३ वर अडकाल. का अडकता ते षटकोनाकडे बघून एका वाक्यात लिहा. ते जमलं की आठ वस्तूंच्या २८ जोड्या घ्या, एक वस्तू सामाईक असलेल्या जोड्यांमध्ये कड काढा, आणि तिथेही हाच प्रश्न विचारा. त्या आकड्यांना जुळणारे आणखी तीन ग्राफ आहेत. चँग यांनी श्रीखंडे यांच्याच काळात ते शोधले. ८ लाच ते का येतात, हे स्वतः शोधायला तुम्हाला दोन-तीन आठवडे लागतील.